वस्तीवरच्या फ्रीजची चौथी खेप

मे महिना म्हणजे फ्रीजच्या मिस्त्रीची सुगी. एरवी या दिवसांत लोक बदरोद्दीनला भाकरीचा घास सुखानं गिळू देत नसत. यंदा मात्र घनसावंगीच्या जीप स्टँडसमोरच्या आपल्या पत्र्याच्या दुकानात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसता बसून होता. बसून बसूनही माणूस दमतो, हे त्याला बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कळत होतं.

याचं कारण रोज त्याच्या डोळ्यांसमोरच उभं असे. गोरक्षनाथची जीप. गोरक्षनाथ घनसावंगी ते जालना प्रवासी भरायचा, आणि गाडी चालवताना हातापेक्षा त्याचं तोंड जास्त चालायचं. "बदरू मिस्त्रीनं आमच्या फ्रीजमधी जुने पार्ट घातले. तीनदा आल्ता, तीनदा तसंच. बापाचं इन्सुलिन खराब झालं त्याच्यात. पाच दिवस जालन्याला दवाखान्यात व्हता बाप, मरता मरता वाचला." अंबड येईपर्यंत हे सगळं सांगून व्हायचं. दिवसाला चार फेऱ्या, फेरीला दहा-बारा माणसं, आणि उतरलेलं प्रत्येक माणूस आपापल्या गावी जाऊन जेवताना तेच सांगणार. पस्तीस वर्षांत कमावलेलं नाव एका महिन्यात उतरणीला लागलं. कुणी भांडायला आलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. लोक फक्त यायचे बंद झाले.

फ्रीज होता राधाकिसनचा, म्हणजे गोरक्षनाथच्या बापाचा. घर गावापासून सहा किलोमीटरवर, वस्तीवर. पूर्वी त्यांची मेंढरं होती, गोदाकाठापर्यंत चारायला न्यायचे. आता थोडी शेती, चार शेळ्या आणि राधाकिसनची साखर. इन्सुलिनची बाटली आधी ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात राहायची. दोन वर्षांपूर्वी पोरानं हौसेनं दोन दारांचा फ्रीज आणला आणि मडकं कोंबड्यांच्या पाण्याला गेलं.

या जातीच्या फ्रीजमध्ये बर्फ साचत नाही, निदान साचू नये. वरच्या कप्प्यात, मागच्या पत्र्याआड नळ्या असतात. त्यांच्यावर दव धरतं आणि त्याचा बर्फ होतो. ठरावीक तास सलग चालला की फ्रीज स्वतःच थांबतो, आतला हीटर तापवतो, बर्फ वितळवतो, पाणी मागच्या भोकातून खालच्या ट्रेमध्ये सोडतो आणि पुन्हा चालू होतो. मालकाला याचा पत्ताही लागत नाही. राधाकिसनच्या फ्रीजमध्ये नेमकं हेच होत नव्हतं. बर्फ वाढत जाऊन पंख्याला भिडायचा, पंखा खरखरायचा, आणि गार हवा खाली उतरायचीच नाही. वर बर्फच बर्फ आणि खाली दूध कोमट. दार उघडलं की वरचा बर्फ दिसायचा, म्हणून फ्रीज जोरात चालतोय असंच घरच्यांना वाटत राहिलं.

पहिल्या खेपेला बदरोद्दीननं हीटर बदलला. दुसऱ्या खेपेला सेन्सर बदलला, पाण्याचं भोक साफ केलं. तिसऱ्या खेपेला फ्रीज टेम्पोत घालून दुकानात आणला, वेळ मोजणारं नवीन कार्ड बसवलं आणि चार दिवस चालवून पाहिला. नमाजाच्या वेळा पाळाव्यात तसा तो वेळेवर बर्फ वितळवत होता. बदरोद्दीननं समाधानानं तो वस्तीवर पोचता केला. वीस दिवसांत राधाकिसनची साखर वर गेली ती दवाखान्यातच उतरली.

गोरक्षनाथचं बोलणं बदरोद्दीननं एक वेळ सोसलं असतं. पोरगं तापट, बापाच्या काळजीनं बोलतंय. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. गोरक्षनाथ म्हणतो ते खरंच असलं तर? एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. बारीक स्क्रू धरताना उजवा हात थरथरायचा. मशीन आपल्या दुकानात बरोबर चालतं आणि त्यांच्या घरी बिघडतं, म्हणजे आपल्याच हातून काहीतरी ढिलं राहतंय. जुना माल त्यानं जन्मात घातला नव्हता, ती खोटी गोष्ट. पण आपल्या हातामुळे एक माणूस पाच दिवस सलाईनवर होता का, याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. आणि ते मिळाल्याशिवाय त्याला कशातच चैन पडणार नव्हतं.

"छोड दो ना जी अब," त्याची बायको सरदारबी म्हणाली. "नोमान बुला रा ना पुणे को. कित्ते दिन ये पाने-पक्कड लेको फिरेंगे?" नोमान त्यांचा मुलगा, पुण्याला कंपनीत होता.

"जाऊंगा," बदरोद्दीन म्हणाला. "पर ऐसा मूँ लेको नै जाता."

तर कुणी न बोलावता तो चौथ्या खेपेला निघाला. बोलावल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या दारात जाणं मिस्त्रीला किती जड जातं, ते मिस्त्रीलाच माहीत. जालन्याचा त्याचा उस्ताद म्हणायचा, मशीन दुखणं लपवत असेल तर त्याच्याजवळ दिवसभर बसावं, हात न लावता. एवढा वेळ आजवर कधी मिळालाच नव्हता. आता वेळच वेळ होता. डबा घेतला, मोपेडला किक मारली आणि ऊन चढायच्या आत तो वस्तीवर पोचला.

गोरक्षनाथ जीप पुसत होता. त्यानं मान वर केली नाही. "आता काय बघायचं राह्यलं, चाचा?"

"काही न्हाई. आज दिवसभर बसतो त्याच्याजवळ. शेवटचं."

"बसा. पण नवीन पार्ट घालू नका. लई झाले पार्ट."

गोरक्षनाथची बायको वर्षाराणी डोक्याला रुमाल बांधून शेताकडे निघाली होती, शेणखत पसरायला बायका लावल्या होत्या. ती जाता जाता नवऱ्याला म्हणाली, "म्हातारं माणूस उन्हाचं आलंय, पाणी तरी इचारा." पाणी मात्र तिनंच आणून दिलं. मग दोघंही आपापल्या वाटेनं गेली.

घरात राहिले तिघं. राधाकिसन बाजेवर पडून होता. दवाखान्यातून आल्यापासून माणूस निम्मा झाला होता. त्याची बायको गोपिकाबाई भाकरी करत होती. राधाकिसन म्हणाला, "बदरूभाऊ, पोराचं मनावर घेऊ नका." बदरोद्दीन म्हणाला, "न्हाई घेत." दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

त्यानं फ्रीज उघडला. मागच्या पत्र्याआड बर्फाची वीट धरली होती. गरम पाण्यानं ती वितळवली. हीटर हातानं चालवून पाहिला, तापत होता. सेन्सर ठीक. कार्ड ठीक. वायरचा प्रत्येक जोड दोन-दोनदा ओढून पाहिला, एकही ढिला नव्हता. सगळं ठीक होतं, आणि सगळं ठीक असल्यामुळेच त्याचा जीव जास्त घाबरा झाला. नऊ वाजता त्यानं फ्रीज चालू केला. या मॉडेलला दहा तास सलग चालावं लागतं, मग ते स्वतःहून बर्फ काढतं. म्हणजे संध्याकाळी सातपर्यंत बसायचं. त्यानं भिंतीला पाठ टेकली.

दुपारी गोपिकाबाईनं ताक दिलं, त्यानं आपल्या डब्यातली शेवयांची खीर तिला दिली. "यांना देऊ नका पण," तो म्हणाला, आणि बाजेवरून राधाकिसन म्हणाला, "वास तरी घेऊ द्या की." तेवढंच काय ते हसणं झालं. जेवणानंतर पत्रे तापले, पंखा गरम हवा ढवळत राहिला, आणि फ्रीजची घरघर ऐकता ऐकता बदरोद्दीनचा डोळा लागला.

घरघर थांबली तशी त्याला जाग आली. आधी वाटलं, लाईट गेली. पण वर पंखा फिरत होता. त्यानं मान वळवली. गोपिकाबाई फ्रीजजवळ उभी होती. एक हात बटणावर होता, दुसरा फ्रीजच्या अंगावर.

"वैनी, काय करून राह्यल्या?"

"काही न्हाई, झोपा तुम्ही. जरा दम खाऊ देते त्याला. सकाळपून धापा टाकून राह्यलाय."

बदरोद्दीन उठला नाही. बसल्या जागेवरूनच त्यानं विचारलं, "रोज करता हे?"

"रोजच की, यंदा ऊन लागल्यापून. चार येळा. सकाळच्या भाकरी झाल्या की, दुपारची जेवणं झाली की, दिवेलागणीला, अन् झोपायच्या आधी. जास्त न्हाई, पाव घंटा. आज तुम्ही काम करून राह्यल्ते म्हणून सकाळचं राह्यलं." ती सहज बोलत होती, चोरी पकडल्यासारखी नाही. "बैलाला बी आपण दुपारचं सोडतोच ना, भाऊ. ह्ये बिचारं तर रातंदिस उभं. तोंड न्हाई म्हणून काय झालं. अन् हल्ली तर लईच धापा टाकायलाय."

"गोरखला म्हाईत है?"

"त्याला कशाला सांगायचं? म्हणंन, म्हातारी येडी झाली."

बदरोद्दीननं मनातल्या मनात हिशेब केला. बटण बंद झालं की कार्डातली मोजणी पुसली जाते, पुन्हा पहिल्या मिनिटापासून सुरुवात. दिवसातून चारदा. त्यातला सगळ्यात लांब पल्ला रात्री दहापासून सकाळच्या भाकरी होईपर्यंतचा, तोही नऊ तासांच्या वर जात नव्हता. दहा तास या फ्रीजनं या घरात कधी पाहिलेच नव्हते. बर्फ साचला की मशीनला जास्त चालावं लागतं; ते जास्त चाललं की हिला दया येते; ती बंद करते की आणखी बर्फ साचतो. दुकानात चार दिवस कुणी दया दाखवली नव्हती, म्हणून तिथं तो उत्तम चालला.

त्याला आधी हसू आलं. मग राग आला, असा की हाताशी पडलेला पाना फेकावासा वाटला. एक महिना! एक महिना तो आपल्याच हातांकडे चोराकडे बघावं तसं बघत होता. आणि मग दोन्ही ओसरून नुसता थकवा राहिला. कारण तिन्ही खेपांना त्यानं विचारलं होतं, "मधी कुणी बंद करतं का? लाईट किती जाती?" पण विचारलं होतं गोरक्षनाथला, अंगणात उभं राहून, बाप्यानं बाप्याला विचारावं तसं. "कोण बंद करतंय? चोवीस घंटे चालू राहतो," असं गोरक्षनाथनं सांगितलं होतं, आणि तो तर सकाळी जायचा ते रात्री यायचा. गोपिकाबाई तेव्हा चार पावलांवर भांडी घासत होती. पस्तीस वर्षं बदरोद्दीन बायांच्या स्वयंपाकघरात वाकून काम करत आला आणि मशीनबद्दल विचारत आला बाप्यांना. परक्या घरच्या बाईशी जास्त बोलू नये, या अदबीनं. त्या अदबीचा आज त्याला संताप आला.

त्यानं गोपिकाबाईला समोर बसवलं आणि हळूहळू सगळं सांगितलं. पोरीला शाळेचं समजावून सांगावं तसं नाही, जोडीच्या मिस्त्रीला सांगावं तसं. तिला लगेच कळलं.

"म्हंजी त्याचा तो दम खातो?"

"खातो. त्याच्या येळेला. तुम्ही मधी बंद केलं की त्याची पाळीच येत न्हाई."

तिनं बाजेकडे पाहिलं. राधाकिसनला झोप लागली होती, तोंड उघडं होतं, पायाची हाडं वर आली होती. तिचे ओठ हलले. "म्हंजी ती बाटली..." एवढंच ती म्हणाली.

मग ती म्हणाली, "भाऊ, गोरखला सांगू नका."

या क्षणाला बदरोद्दीनला मोठं होता आलं असतं. हो वैनी, चूक माझीच, असं म्हणून सगळं अंगावर घेता आलं असतं. पण तो फार दमला होता, आणि नाव त्याचंही होतं.

"मी सांगणार न्हाई," तो म्हणाला. "पण माझी चूक झाली असं बी म्हणणार न्हाई. पोरानं गावोगाव माझं नाव घालवलं, वैनी. मला रातची झोप न्हाई."

तिनं उठून बटण चालू केलं.

मोजणी पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे दहा तास पुरे होईस्तोवर थांबणं शक्य नव्हतं. निघण्यापूर्वी त्यानं तिला दाखवण्यासाठी हीटर हातानं एकदा चालवला. घरघर थांबली. थोड्या वेळानं मागच्या बाजूला ट्रेमध्ये पाण्याचे थेंब पडू लागले. गोपिकाबाई कान देऊन ऐकत होती. "आता असा थांबला तर हात लावायचा न्हाई?" तिनं विचारलं. "न्हाई. कितीबी दया आली तरी."

एवढ्यात गोरक्षनाथ आला, त्या दिवशी एक फेरी कमी मिळाली होती. "निघालं का काही?"

"मशीन बराबर है. आता बर्फ धरणार न्हाई."

"मंग इतके दिवस काय झाल्तं?"

बदरोद्दीन पिशवीत पाने भरत राहिला. गोपिकाबाई चुलीपुढे बसली होती, पाठ त्यांच्याकडे. त्यानं वाट पाहिली. एक पाना भरला, दुसरा भरला, टेस्टर पुसून ठेवला, पक्कड ठेवली. आता पिशवीत टाकायला काही उरलं नव्हतं. ती पाठ काही वळली नाही.

"म्हंजी पार्टच खराब व्हते," गोरक्षनाथ म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

परतीच्या वाटेवर बदरोद्दीनला फार वाईट वाटलं. ती बोलेल असं त्याला वाटलं होतं, आणि आपल्याला तसं वाटलं याचीच त्याला लाज वाटत होती. म्हाताऱ्या बाईकडून आपण काय मागत होतो? नवऱ्याच्या उशाशी बसून कबुली? घरी आल्यावर त्यानं सरदारबीला एवढंच सांगितलं, की हात ठीक आहेत. ती म्हणाली, "मैं तो पैलेइच बोली थी." मग म्हणाली, "फिर मूँ कायको ऐसा?" आपली चूक नव्हती हे कळल्यावर माणसाला हलकं वाटायला पाहिजे. त्याला तसं काही वाटत नव्हतं. दुकान तसंच रिकामं, आणि समोर जीप तशीच.

आठवडी बाजाराच्या दिवशी, अकराच्या सुमाराला ती जीप येऊन थांबली. एरवी गाडी थांबायच्या आत लोक उड्या टाकून बाजाराकडे पळतात. त्या दिवशी कुणी पळेना. उतरलेली माणसं तिथंच घोळका करून उभी राहिली. सगळ्यात शेवटी पुढच्या सीटवरून गोपिकाबाई उतरली. नवऱ्याच्या आजारपणामुळे दोन वर्षांत ती बाजाराला आली नव्हती. सडकेच्या मधून, गाड्या-मोटारींकडे न बघता, ती सरळ बदरोद्दीनच्या दुकानासमोर आली.

तिच्यामागून गोरक्षनाथ आला आणि पायरीखाली थांबला. "चाचा," तो म्हणाला. इतकं चालणारं तोंड, पण आज किल्लीची साखळी बोटाला गुंडाळत तो खाली बघत राहिला. बदरोद्दीनला त्याला खूप काही सुनवायचं होतं, महिनाभर त्यानं ते मनात रचून ठेवलं होतं. ते सगळं कुठं गेलं कुणास ठाऊक.

"वस्तीवरून निघाल्यापून सांगत आले सगळ्यांला," गोपिकाबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "मी बंद करत व्हते, मिस्त्रीचा काही दोष न्हाई. एक-दोघं हसले. हसू द्या."

बदरोद्दीननं आपलं स्टूल पुढं केलं. "वैनी, अहो जीपमधी कशाला? घरी पोराला सांगितलं असतं तरी भागलं असतं."

"ह्यो जीपमधी बोलला व्हता ना?" तिनं मागं न बघता पोराकडे बोट केलं. "मंग जीपमधीच सांगाया पाह्यजे. घरी सांगितलेलं घरातच राहतं."

ती स्टुलावर बसली. पदरानं मान पुसली. घोळका पांगत होता, त्यातला एक जण जाता जाता म्हणाला, "मिस्त्री, उद्या हाय का दुकानात? आमचा बी जरा बघायचाय." बदरोद्दीननं नुसती मान हलवली. ज्या गोष्टीसाठी तो महिनाभर तळमळत होता ती अशी रस्त्यात मिळाली होती, आणि त्यानं पाण्याचा तांब्या भरून तिच्यापुढं धरला.

"भाऊ, एक इचारते," गोपिकाबाई हळूच म्हणाली. पोराला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. "खरं सांगा. त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर?"

त्याला तिला फसवता आलं नाही.

"झालं असतं तर लोक म्हणले असते, बदरू मिस्त्रीनं मारला. कुणी म्हणलं असतं, साखरेनं मारला," तो म्हणाला. "तुमचं नाव कुणीच घेतलं नसतं, वैनी. तुम्हाला सुद्धा कधी कळलं नसतं."

"म्हणून तर आपलं नाव आपणच सांगाया आले," गोपिकाबाई म्हणाली.